टांगलेलं शेत

देवीचे घट उठले, की चार-दोन दिवसांत एक सकाळ अशी येते, की अंघोळीचं पाणी आधी बोट बुडवून पाहावंसं वाटतं. थंडी म्हणावी अशी ती नसते. ऊनही तेच असतं, पण आता ते अंगावर येत नाही, अंगाजवळ येऊन बसतं. कळंबच्या माझ्या भाड्याच्या घराला एक लहानशी गॅलरी आहे आणि तिच्या छताला एक लोखंडी दांडी आहे. उन्हाळाभर त्या दांडीवर कपडे वाळतात. त्या सकाळी मात्र मी वर बघते आणि दांडी मला रिकामी रिकामी दिसते. मग शाळा सुटल्यावर मी परस्पर नर्सरीत जाते आणि भेदराची रोपं घेऊन येते.

भेदरं म्हणजे टोमॅटो. शाळेत मुलांशी बोलताना मी टोमॅटो म्हणते, बाजारात टमाटे म्हणते. पण रोपाच्या पानाला बोट लागतं आणि तो वास येतो, हिरवा, जरासा कडवट, घासायला काढलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा, तेव्हा तोंडातून भेदरं हाच शब्द निघतो. तो वास हाताला चिकटतो. साबण लावला की फेस पिवळा-हिरवा होतो, तरी वास जात नाही. मला तो जावा असं वाटतही नाही. डोळे मिटून हात नाकाशी नेला, की मी कळंबच्या गॅलरीत राहत नाही. यवतमाळच्या त्या एका खोलीच्या दारात उभी असते. डोक्यावर टिनाचं शेड, शेडच्या पाइपाला टांगलेल्या रंगाच्या बादल्या, आणि स्टुलावर उभी राहिलेली माझी आत्या.

ते माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. राळेगावच्याही आत आमचं गाव. तिथून रोज यवतमाळला येऊन-जाऊन शिकता येईल अशी एसटी नव्हती. पहिली दोन वर्षं आईच्या मावसबहिणीकडे निघाली. त्यांची बदली झाली आणि माझा आसरा गेला. वसतिगृहात नंबर लागला नाही. बाबांनी पुष्कळ विचार केला आणि एकच अट घातली, "पोट्टी एकटी रूमवर राह्यनार नाई. घरचं कोनी संग राह्यत असन तं शिकू द्या." आईला घर आणि वावर सोडून येणं शक्य नव्हतं. तेव्हा बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, म्हणाली, "मी जाते." तिचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला होता. तेव्हापासून ती आमच्याकडेच. शाळेत कधी गेली नाही. कॉलेजात काय शिकवतात हे तिला ठाऊक नव्हतं आणि तिनं ते विचारलंही नाही. एका पिशवीत दोन लुगडी घातली आणि माझ्यामागे एसटीत चढली.

पहिल्या दिवशी तिनं खोली झाडली, भांडी घासली, माझी पुस्तकं मोठं खाली, लहान वर अशी रचली. ऊन डोक्यावर यायच्या आत तिचं सगळं काम संपलं. मग ती दारात बसली. ती बसण्याची तऱ्हा मला अजून दिसते. दोन्ही तळहात वर करून मांडीवर ठेवलेले, जणू कोणी त्यात काही आणून घालणार आहे. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच.

"तुह्या या शयरात मानसं दिवसभर करतेत काय वं?" तिनं विचारलं.

"काम करतात आत्या. ऑफिसात, दुकानात."

"मले तं कोनी वाकलेलं दिसत नाई."

तिचं काम म्हणजे वाकणं. निंदण, खुरपण, वेचणी. गावात तेव्हा कापूस फुटायला लागला होता. सकाळी बायका कमरेला झोळ्या बांधून रांगेनं वावरात उतरत असतील, कोणीतरी कोणाची तरी थट्टा करत असेल, आणि आत्याची ओळ रिकामी असेल. ती हे बोलत नसे. फक्त रस्त्यावरून कापसाची गाडी गेली, की उठून फाटकापर्यंत जाई आणि गाडी वळेपर्यंत पाहत राही. गाडीतून उडालेलं एखादं बोंड नालीच्या कडेला पडलेलं असे. ते ती उचलून आणी, त्यातली सरकी काढी, कापूस बोटांनी पिंजून वात वळी आणि पुन्हा हात उघडे टाकून बसे.

दिवाळीच्या आधी एकदा जेवताना ती म्हणाली, "वनू, मी सक्रांतीपर्यंत राह्यते. मंग तुह्या बापाले म्हना, मले घ्याले ये. रिकाम्या हातानं मानूस सडते, माय."

मी घास तोंडात तसाच धरून बसले. परीक्षा होळीनंतर होती. आत्या गेली की खोली जाणार, खोली गेली की मी गावी जाणार. आणि गावात माझ्यासाठी एक स्थळ विचारून गेलेलं होतं. "परीक्षा काय, बाहेरूनही देता येते," असं आमच्याकडे सगळेच म्हणत. पण बाहेरून परीक्षा दिलेली मुलगी मी तरी पाहिली नव्हती. माझं सगळं वर्ष त्या दोन उघड्या तळहातांवर टेकलेलं होतं आणि त्यात घालायला माझ्याजवळ काही नव्हतं.

कॉलेजच्या वाटेवर एक नर्सरी होती. भेदराची रोपं तिथंच दिसली. मी घरमालकीण काकूंना विचारलं, "काकू, अंगणात चार कुंड्या ठेवू का? आत्याला विरंगुळा होईल."

काकू मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांनी नुकतीच अंगणात पांढरी फरशी बसवली होती आणि त्या फरशीवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. "खाली? नाई बाप्पा! कुंडीचा डाग पडला तं निघते काय तो? वर काय टांगाचं ते टांगा. खाली काही ठेवाचं नाई."

हे त्या विषय संपवायला म्हणाल्या होत्या. पण दारात बसलेल्या आत्यानं मान वर केली. शेडच्या पाइपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वनू," ती म्हणाली, "सुतळी हाये काय घरात?"

दूध-दही मांजरापासून वाचवायला आमच्याकडे शिंकी टांगत. आत्याला ती विणता येत. दोन दिवस ती सुतळीला गाठी मारत बसली. गुडघ्याला सुतळीचा फेरा, दातात एक टोक. काकूंच्या घराला रंग दिला होता, त्याच्या रिकाम्या बादल्या मागच्या बाजूला पडल्या होत्या. त्यांच्या काठांना पिस्ता रंग वाळून बसलेला. खिळा तापवून आम्ही त्यांच्या बुडाला भोकं पाडली. राहिली माती. नर्सरीतली माती आणू का म्हटलं, तर आत्यानं तोंड फिरवलं. "तुह्या बापाले सांग. आपल्या वावरातली आन म्हना."

बाबा खरंच खताच्या गोणीत काळी माती भरून एसटीनं आले. कंडक्टरशी काय झालं ते त्यांनी आल्या आल्या, पाणीही न पिता सांगितलं होतं.

"तो म्हने, काय हाये गोनीत? मी म्हनलं, माती. तो म्हने, कायची माती? वावरातली. तो म्हने, काहून, यवतमाळले माती नाई काय? म्हनलं, हाये जी, पन ते वळखीची नाई."

"मंग?" आत्यानं विचारलं.

"मंग काय, हासला तो. म्हने, वळखीच्या मातीले पायापाशी घ्या, कोनाच्या मांडीवर बसवू नका."

त्या दिवशी आत्यानं गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच राहू दिला. आम्ही दोघं बोलत होतो, ती ऐकत नव्हती. तिच्या हातांना काहीतरी मिळालं होतं.

रोपं लागली. बादल्या शिंक्यात बसल्या, शिंकी पाइपाला अडकली. सकाळी वारा आला की सगळ्या बादल्या मिळून किंचित हलत, आणि फरशीवर त्यांच्या सावल्या गोल गोल फिरत. मी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून दारात बसे आणि पानावरून सावली सरकत जाई. आज त्या पुस्तकातलं फारसं काही आठवत नाही. सावली आठवते.

काकू बाहेर आल्या की थांबत. "झोक्यात घातले काय आत्याबाई टमाटे? बारसं कवा हाये?"

"येजा तुमी," आत्या स्टुलावरून म्हणे, "घुगऱ्या खाले."

आत्याला हे शेत अवघड गेलं. आयुष्यभर तिनं जमिनीकडे पाहिलेलं. आता पीक डोक्यावर होतं. रात्री मान दुखे, मी तेल लावून देई. "जलमभर वाकून कमर गेली," ती म्हणे, "आता वर पाहू पाहू मान जाईन. तुह्या शिक्षनानं माह्यं एक एक हाड मोजून घेतलं."

आणि ती डवरणी करी, चमच्यानं.

आमची काळी माती पाणी आटलं की तडकते. वावरात भेगा पडू लागल्या, की बैलाच्या डवऱ्यानं दोन ओळींतली माती हलवतात. भेगा बुजतात, खालची ओल खालीच राहते. कोरडवाहू शेतीत डवरा हेच पाणी. आत्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. ते तिला श्वासासारखं येत होतं. म्हणून बादलीत भेग दिसली, की ती स्टुलावर चढे आणि पोह्याच्या चमच्यानं रोपाभोवती माती ओढे. ओढताना ओठांनी बैलाला घालतात तसा आवाज काढी. काकूंनी एकदा ते ऐकलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

"आत्याबाई, बैल कुठीसा हायेत वं?"

आत्यानं चमचा धरलेली दोन बोटं वर करून दाखवली. "हे काय. मोठ्ठे गुनाचे हायेत. वैरन मागत नाई."

पाणी मात्र ती फार घालू देत नसे. लावताना एकदा मी दिलं, मग आठवण झाली तर. जास्त देऊ लागले तर ती हात धरी. "पान्याची सवय लावू नये पोरी. मूळ आळशी होते." आमच्या वावरात विहीर नव्हती. पीक पेरायचं, निंदायचं, डवरायचं, आणि पाणी वरून यायचं. आत्यानं साठ वर्षांत कुठल्या पिकाला स्वतःच्या हातानं पाणी घातलं नव्हतं.

पिवळी फुलं आली. लहान, पाकळ्या मागे वळलेली, लाजल्यासारखी. त्याच सुमारास आईचा फोन आला; आमच्या वावरातला कापूस यंदा उशिरा फुटला होता. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात सीतादही करतात. एका झाडाखाली पाच खडे मांडायचे, हळद-कुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, भोवतालच्या झाडांवर तो शिंपडायचा आणि मग पहिलं बोंड तोडायचं. आमच्या घरी हे नेहमी आत्या करी. यंदा ती नव्हती, म्हणून आईनं केलं होतं.

"केलं ना? बरं केलं," आत्या फोनवर म्हणाली. "आता शेवटची वेचनी होईलोक वावर सोडजो नको."

आमच्या घरातला हा नियम. ज्या बाईच्या हातानं सीतादही झालं, तिनं शेवटचं बोंड वेचून होईपर्यंत गाव सोडायचं नाही. माहेरी जायचं नाही, लग्नाला जायचं नाही. एकदा आत्याच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं आणि पऱ्हाटीवर चार बोंडं राहिली होती. आत्या गेली नव्हती. फोन ठेवल्यावर ती बादल्यांकडे न जाता दारात जाऊन बसली. ते काम तिच्या हातून गेलं होतं.

आणि मग फुलं गळू लागली.

सकाळी फरशीवर पिवळी पिवळी पडलेली असत. काकू झाडायच्या आधी आत्या ती वेचून घेई आणि खिडकीत ठेवी. फळ एकही धरत नव्हतं. जितकी फुलं गळत, तितकी आत्या अधिक डवरणी करी. मी नर्सरीत जाऊन विचारलं. नर्सरीवाल्यानं काळी माती म्हटल्यावरच कपाळाला हात लावला. "कुंडीत ते विटेसारखी होते ताई. अन रोज पानी पाह्यजे. टांगलेलं झाड चहूकडून वाळते. चमचा-बिमचा मारू नका, मुळ्या तुटतेत."

परत येताना मी लांबच्या वाटेनं आले. चमचा मारू नको असं मी आत्याला कोणत्या तोंडानं सांगणार होते? त्या सगळ्या शहरात तिला मिळालेलं एकमेव काम म्हणजे तो चमचा. तो काढून घेतला, तर ती दुसऱ्या दिवशी पिशवी भरेल. न काढावा, तर फळ धरणार नाही, आणि संक्रांतीला ती पिशवी भरेलच. मी अनेक दिवस दारात पुस्तक घेऊन बसले, चमच्याचा खर्र खर्र आवाज ऐकत. प्रत्येक आवाजाला एखादी मुळी तुटत असेल, असं वाटे. मी काही न सांगता पान उलटत राही.

एका दुपारी आवाज मध्येच थांबला.

आत्या स्टुलावर उभी होती आणि चमचा डोळ्यांजवळ धरून पाहत होती. मातीच्या एका ढेकळात पांढऱ्या, केसासारख्या मुळ्या होत्या. ती हळूच खाली उतरली. ढेकूळ तळहातावर घेतलं, फुंकर मारून माती उडवली.

"पऱ्हाटीचं मूळ खाली जाते," ती म्हणाली. माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. "डवरा वरून फिरते, त्याले समजत बी नाई. याले खाली जागाच नाई वं. जाईन कुठी? म्हनून वर आलं."

मग माझ्याकडे पाहिलं. "तुले माईत होतं?"

मी मान डोलावली.

"सांगतलं काहून नाई?"

"तुझं काम गेलं असतं."

ती आत गेली. चमचा धुतला, पुसला आणि पोह्यांच्या डब्यात ठेवून दिला. पुन्हा बाहेर आली, बादल्यांखाली उभी राहिली. आता ती पिशवी मागेल, असं मला वाटलं. तिनं पाण्याचा गडवा मागितला.

"भरून आन," ती म्हणाली. "हे आपल्या वावरासारखं नाई. याले रोज द्या लागन."

तिनं आपल्या हातानं पहिल्यांदा पाणी घातलं. गडवा वाकवायचा, थांबायचा. "पानी देनं देवाचं काम होय," ती पुटपुटली. "आपन देल्लं तं रागावन तं नाई?" बादलीच्या बुडातून पाणी निथळून पांढऱ्या फरशीवर टपटपलं. काळ्या मातीचं काळं पाणी. आत्या लगेच पदरानं पुसायला धावली. पण काकू खिडकीतून बघत होत्या. मला वाटलं, आता संपलं. काकू आत गेल्या आणि कूलरमधून काढून ठेवलेलं जुनं गवत घेऊन बाहेर आल्या. "हे टाका वरून," म्हणाल्या. "उन्हाळ्यात अख्खं घर थंडं ठेवते, तुमचे टमाटे नाई ठेवनार? अन खाली माह्या जुन्या पराती लावा. फरशी पाह्यली काय कशी झाली!"

तेव्हापासूनचे दिवस माझ्या आठवणीत सगळे मिळून एकच दिवस आहेत. सकाळी परातीत टपटप पडणारं पाणी. ओल्या गवताचा वास, म्हणजे उन्हाळ्याचा वास, भर थंडीत. तांदूळ धुतलेलं पाणी आत्या बाजूला ठेवी, काकूही आपल्याकडचं आणून देत. आत्या आता दारात बसत नसे. एक बादली, मग दुसरी, मग तिसरी. पाणी घालून झालं की पहिलीची माती बोटानं दाबून पाहायची. फुलं टिकली. फुलामागे हिरव्या मोहरीएवढं काही दिसलं. ते वाटाण्याएवढं झालं, बोराएवढं झालं. वेली बादलीच्या काठावरून खाली उतरल्या आणि फळं हवेत लोंबू लागली. त्यांच्याखालून जाताना काकूही डोकं वाकवून जात. मी आत्याला म्हटलं, "बघ, आता शहरात वाकलेलं माणूस दिसलं की नाही?" ती इतकी हसली, की गडव्यातलं पाणी माझ्या पुस्तकावर सांडलं. ते पान अजून फुगलेलं आहे.

पण संक्रांत आली. आत्यानं शब्द फिरवला नव्हता, मीही विचारलं नव्हतं. विचारलं तर ती उत्तर देईल, याचीच भीती होती. बाबा ठरल्याप्रमाणे सकाळच्या एसटीनं आले. आईनं दिलेले तिळाचे लाडू काढून ठेवले. आत्याची पिशवी खोलीच्या कोपऱ्यात भरलेली होती. बाबांनी ती उचलून खांद्याला लावली.

"चाल बाई. अकराची गाडी भेटन."

आत्यानं पायात चपला घातल्या. मग शेवटचं पाणी घालून येते म्हणून गडवा घेतला आणि स्टुलावर चढली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पाणी पडल्याचा आवाज आला नाही. बाबांनी मान वर केली. मीही केली.

कडेच्या बादलीतलं एक भेदर, जे पानाआड होतं, लाल झालं होतं. पूर्ण नाही, देठाजवळ अजून पिवळं. पण लाल. आत्या त्याच्यासमोर उभी होती, अगदी तोंडासमोर, जसं कोणाशी बोलताना उभं राहावं. तिनं त्याला हात लावला नाही.

"वनू," ती वळून न पाहता म्हणाली, "घरात दही हाये काय?"

मला क्षणभर समजलं नाही. बाबांना समजलं. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि हळूच खाली ठेवली.

मी काकूंच्या दाराशी धावले. "काकू, वाटीभर दही द्या."

"एवढ्या थंडीत दही? कोनाले पाह्यजे?"

"सीतादही आहे."

काकूंचं माहेर पुसदकडलं. तो शब्द त्यांनी लग्नानंतर कोणाच्या तोंडून ऐकला नसावा. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, मग स्वतःच वाटी घेऊन, डोक्यावर पदर घेत बाहेर आल्या. बाबांनी रस्त्याच्या कामाची पडलेली गिट्टी वेचून पाच खडे आणले. बादलीखाली, पांढऱ्या फरशीवर, आत्यानं ते मांडले. हळद-कुंकू लावलं. दहीभात कालवला आणि मूठ वर करून वेलींवर शिंपडला. वावरात तो मातीत पडतो. इथं तो पानांवर पडला, बाबांच्या टोपीवर पडला आणि सगळा फरशीवर पडला. काकूंनी फरशीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

मग आत्यानं फळ तोडलं. एका भेदराचे चार भाग, मिठाचा खडा लावून. एवढंसं. आंबट होतं, आणि बियांभोवतीचा रस गोड होता.

"मंग बाई?" बाबा म्हणाले.

"मंग काय? जा तू. तूर सोंगाची असन."

बाबा एकटेच अकराच्या गाडीनं गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. फाटकाबाहेर जाऊन पुन्हा मागे आले आणि म्हणाले, "अभ्यास कर वं."

त्या परीक्षेच्या पेपरांना माझ्या बोटांना भेदराचा वास असे. उत्तर आठवलं नाही, की मी पेन धरलेला हात नाकाजवळ नेई. होळी झाली, ऊन कडक झालं, वेली पिवळ्या पडल्या. शेवटच्या पेपराहून आले तेव्हा एका वाळक्या वेलीवर सुपारीएवढं एकच भेदर उरलं होतं. आत्यानं ते तोडलं, पदराच्या टोकाला बांधलं, बादल्या उतरवल्या, शिंक्यांची घडी केली आणि मगच पिशवीला हात लावला.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. निकालाच्या दिवशी मला लोकांनी पेढे भरवले. ते पेढे मला खरं तर एका पोह्याच्या चमच्याला आणि पाच गिट्टीच्या खड्यांना द्यायचे होते. पुढे बी.एड. झालं, नोकरी लागली. आजही वर्गात एखादी मुलगी काही न समजल्यासारखी बसलेली दिसली, की मला वाटतं, हिला खाली जागा नसेल. रोज द्यावं लागेल.

आत्या आता थकली आहे. वावरात जात नाही. गावी ओट्यावर बसते, तशीच, तळहात वर करून. माझ्याकडे कायमची राहायला ये म्हटलं, तर म्हणते, "कायले? मले तिथं काय काम?" पण दरवर्षी थंडीत मी फोन करते, "आत्या, पहिलं लाल झालं." दुसऱ्या दिवशी ती एसटीतून उतरते. गॅलरीत दहीभात होतो. आणि शेवटचं भेदर उतरेपर्यंत ती जात नाही. नियम तो नियम.

म्हणून हल्ली मी एक रोप उशिरा लावते. सगळ्यांच्या महिनाभर मागून, कडेच्या कुंडीत, जिथं दुपारचं ऊन पोचत नाही. बाकीच्या वेली वाळतात तेव्हा तिला फुलं असतात.

मागच्या वर्षी आत्यानं त्या कुंडीपाशी उभं राहून बराच वेळ पाहिलं.

"हे काहून मांगं राह्यलं वं?"

"नर्सरीवाल्यानं उशिरा दिलं, आत्या."

"दरसालीच उशिरा देते काय तो?"

मी तपासायच्या वह्या पुढ्यात ओढल्या. आत्यानं गडवा भरला, त्या कुंडीत पाणी घातलं, माती बोटानं दाबून पाहिली.

"त्याले सांगजो," ती म्हणाली, "येत्या साली दोन दे म्हना."